बैलाची गती

माझ्या मेव्हण्याच्या सायकलीला तीन गती होत्या. त्यातल्या दोन मी काढून टाकल्या, आणि सायकल परत नेऊन दिली तेव्हा ती सुधारून आणली आहे असं सांगितलं. चूक एवढीच. सांगायला दोन ओळी पुरतात. पण त्या दोन ओळी तोंडातून निघायला माझं निम्मं आयुष्य गेलं.

थंडी पडली की हे सगळं वर येतं. सकाळी अंगणात उन्हाला बसलो की कालव्याच्या बाजूनं गुऱ्हाळाचा वास येतो, गोड आणि जरासा करपलेला, आणि गुडघे आपोआप चोळले जातात. या दिवसांत मी घरी बसलेलो कधी नव्हतो. शेतकऱ्याची सुगी तशी ही माझी सुगी. मी देवीची लस टोचणारा. सरकारी कागदावर व्हॅक्सिनेटर, आणि गावोगावी देवी डॉक्टर. लस उन्हाळ्यात नासते, म्हणून दिवाळी सरली की आमचा हंगाम सुरू व्हायचा तो होळीपर्यंत. काचेच्या बारीक नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवायच्या आणि बारामती सोडून इंदापूरच्या दिशेनं निघायचं. एकेका गावात पोरांचे दंड धरून टोचत जायचं आणि आठवड्यानं फोड आले का ते बघायला त्याच वाटेनं परत जायचं.

आम्ही येताना दिसलो की गाव ओस पडायचं. बाया पोरांना कणगीत लपवायच्या, कडब्याच्या गंजीमागं दडवायच्या. एका म्हातारीनं मला दारातून विचारलं होतं, "तुझ्या आईनं तुला असंच कुनाच्या हातात दिलं आस्तं व्हय रं?" मी हसलो होतो आणि नातवाचा दंड धरला होता. ते काम चांगलंच होतं, त्याबद्दल आजही माझ्या मनात किंतु नाही. पण वर्षानुवर्षं माणसांना न विचारता त्यांचं भलं करत राहिलं की एक खोड लागते. आपल्याला कळतं, समोरच्याला कळत नाही, आणि मागाहून तो आपले उपकारच मानेल, असं अंगवळणी पडतं. ती खोड मी पेटीबरोबर सासुरवाडीलाही नेली.

सासुरवाडी कालव्याच्या काठी, लासुर्ण्याच्या अलीकडं. गाव ओढ्याच्या खळग्यात वसलेलं. बारामती-इंदापूर सडकेला लागायचं तर ओढा ओलांडून चांगला दमवणारा चढ चढावा लागे, भरल्या गाडीचे बैलसुद्धा तिथं नाकातून वाफ सोडत. माझ्या सासऱ्यांचा, आबांचा, कालव्याच्या पाण्यावर पानमळा होता. विड्याच्या पानांचे वेल शेवग्याच्या आधारानं वर चढलेले. आत शिरलं की भर दुपारी सांज झाल्यासारखं वाटे, आणि अंगावर गार ओला वास बसे.

आबांचा थोरला मुलगा किसनराव, माझ्या बायकोचे भाऊ. लहानपणी आलेल्या तापात त्यांचा डावा पाय गेला होता. गेला म्हणजे होता, पण हातासारखा बारीक राहिला होता. मोट धरता येत नव्हती, नांगरामागं चालता येत नव्हतं. बायकांबरोबर सावलीत बसून पानं निवडायची आणि त्यांच्या चवडी लावायच्या, हे त्यांच्या वाट्याचं काम. माझ्या लग्नाच्या वेळी ते मांडवात फारसे उठलेही नव्हते. सगळ्यांत मागं भिंतीला टेकून बसले होते, आणि नवरदेव म्हणून मी पाया पडत फिरलो तेव्हा त्यांनी पाय धोतराखाली ओढून घेतला होता.

लग्न झालं त्या सालच्या पावसाळ्यात कालव्यावरचा एक इंग्रज साहेब विलायतेला परत गेला आणि जाताना सामान विकून गेला. त्यात ही सायकल होती. आबांनी ती का घेतली कुणास ठाऊक. गाव हसलं. "आबाचं पोरगं चालंना म्हनून आबानं चाकं आनली," असं लोक म्हणत. पण त्या सायकलीच्या मागच्या चाकाच्या पोटात करामत होती. दांडीवरचा खटका खाली ओढला की पायडल एकदम हलके होत, सायकल सावकाश पण हट्टानं चढण चढे. मधे ठेवला की बेताची चाल, आणि पुढं ढकलला की सपाटीवर पळे. किसनरावांनी महिन्याभरात ती वश केली. तिन्ही गतींना त्यांनी नावंसुद्धा ठेवली होती. बैल, घोडं आणि वारं.

"दाजी, बैलावर टाकली ना, की मला पायाची यादच ऱ्हात न्हाय," ते मला म्हणाले होते. "उजवा दाबतो, डावा नुस्ता संगं येतो. वऱ्हाडात कुनी यावं तसा."

आणि मग ते मागच्या कॅरिअरला केळीच्या पानांनी झाकलेली ओली पाटी बांधून पानं बाजारात न्यायला लागले. आज लासुर्णे, उद्या इंदापूर, कधी वाट वाकडी करून भिगवण. मावळतीकडं परतताना पावसाळी वारा थेट छातीवर येतो. त्या वाऱ्यात पाठीमागं पाटी घेऊन हा माणूस बैलाच्या गतीनं जात राही. पानवाले त्यांची वाट बघू लागले. आबा बोलताना 'किसन' ऐवजी 'किसनराव' म्हणू लागले. घरात कुठलीही गोष्ट ठरायची झाली की, "किसनरावास्नी बाजारातनं येऊ द्या," असं व्हायला लागलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

दिवाळसणाला मी गेलो. पहिली दिवाळी, जावई रुसणार हे ठरलेलंच. आमच्याकडं हा रुसवा असतो. जावई ताटावर बसतो आणि घासाला हात लावत नाही. सगळे हसतात, मनधरणी करतात, आणि सासरा काहीतरी कबूल करतो तेव्हा जावई घास घेतो. अंगठी, उपरणं, एखादं दुभतं जनावर, असं काहीतरी. मी पाटावर बसलो. समोर रांगोळी, उदबत्ती, तुपाची वाटी. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

"काय पाव्हणं, पुरनपोळीत काय खडा लागला का?" आबा म्हणाले.

"तोंडात घातली तर लागंल ना," माझी एक चुलत मेव्हणी आतून म्हणाली. "डागतरांस्नी भ्या वाटतंय, आपल्यालाच कुनी टोचंल म्हनून!"

सगळे हसले. मीही हसू दाबलं. मग म्हणालो, "आबा, या हंगामात इंदापूरची सगळी गावं माझ्याकडं दिलीत. गेल्या साली पायी फिरून टाचा फुटल्या. हंगामापुरती सायकल द्या. होळीला आणून देतो."

हसणं थांबलं नाही, पण पातळ झालं. आबांनी किसनरावांकडं पाहिलं. किसनराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते. जावयानं दिवाळसणाला तोंडानं मागितलेली वस्तू नाही म्हणायची रीत आमच्यात नाही. ती रीत त्यांना माहीत होती आणि मलाही माहीत होती. मी मागितलं ते त्या रीतीच्याच भरवशावर.

"द्या की," किसनराव म्हणाले. "दाजींचं काम पुन्याईचं हाय. चार महिनं आमी गाडीनं माल धाडू."

मी घास घेतला.

तो हंगाम सुखाचा गेला, हे कबूल केलं पाहिजे. पहाटेच्या दवात सडक ओली असे, चाकं तिच्यावर चर्र करत. बारामतीच्या बाजूला ऊस, पाट, गुऱ्हाळाचा धूर. इंदापूरकडं निघालं की हिरवं मागं पडे आणि काळं, भेगाळलेलं रान सुरू होई. त्यात शाळूची ताटं आणि काठानं करडईचे काटे. दुपारी कुठल्यातरी चावडीपुढं सायकल टेकवली की माणसं मला सोडून तिच्याभोवती जमत. मी ऐटीत खटका पुढं-मागं करून दाखवी. पण खरं सांगायचं तर खालची गती मी चढावरसुद्धा वापरत नव्हतो. मला तिची लाज वाटे. एवढा धडधाकट माणूस आणि बैलावर बसून चालला आहे, असं कुणी म्हणेल म्हणून मी वाऱ्यावरच राही आणि मांड्या भरून आल्या की तेच मर्दपण समजे. पंचविशीतली मांडी. आज तिच्यावरून हात फिरवला तर विश्वास बसत नाही.

हंगाम संपत आला तेव्हा नरसिंहपूरच्या बाजूला एका नाल्यात चिखल होता म्हणून मी सायकल बैलगाडीवर टाकली. उतरवताना मागच्या आसातून बाहेर आलेली बारीकशी साखळी कशात तरी अडकून तुटली. गती बदलायची ती त्या साखळीनं. ती तुटल्यावर सायकल वाऱ्यावरच अडकून पडली. तशीच रेटत मी बारामतीला आलो आणि स्टेशनाजवळच्या बाबूमिस्त्रीच्या दुकानात लावली.

बाबूमिस्त्रीनं चाक फिरवून पाहिलं. "पोटात काय न्हाय झालं डागतर. बारकी साखळी तुटलीया. मुंबईस्नं मागवतो. आली की लावू."

"कधी येईल?"

"आगगाडी माज्या सासऱ्याची न्हाय. यील तवा यील."

माझा साहेब तपासणीला येणार होता. राहिलेली गावं पुरी करायची होती. मी म्हणालो, "ही तीन-तीन गतींची कटकटच नको. काढून टाक ते चाक. साधं बसव. एका गतीची कर."

"आसं म्हनता?" त्यानं कान खाजवला. "साधं चाक पडलंय माज्याकडं. पर मागचं दात्यांचं चक्र कंचं घालू? मोठं घातलं तर हलकी चालंल, पळनार न्हाय. बारकं घातलं तर पळंल, पर पाय मागंल. बसनार कोन हिच्यावर?"

त्या वेळी मला किसनराव आठवले होते. विसरलो होतो असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो, पण ते खरं नाही. ते दाराला धरून उभे असलेलेच आठवले. पण होळीला अजून वेळ होता, तपासणी समोर होती, आणि आपण म्हणू तसं जग चालतं असं वाटायचं ते वय होतं.

"मीच बसणार," मी म्हणालो. "बारकं घाल."

जुनं चाक त्यालाच ठेवून घे म्हणून सांगितलं. ते मजुरीत गेलं.

होळीला मी सायकल घेऊन सासुरवाडीला गेलो. आधी तिला तेल घातलं होतं, दांडी पुसली होती. अंगणात सगळे जमले. मी भाषणच केलं. की आता बिघडायला काही उरलंच नाही, वजन कमी झालं, खटका नाही, साखळी तुटायची नाही, साधी आणि दणकट. किसनराव ऐकत होते. त्यांनी मागचं चाक उचलून हातानं फिरवलं. ते फिरताना पूर्वी पोटातून बारीक टिकटिक यायची. आताचा आवाज वेगळा होता. त्यांनी चाक थांबवलं.

"हलकी झाली की," ते म्हणाले.

"झाली ना?"

"व्हय. उचलाया हलकी झाली."

आबा घाईनं म्हणाले, "जावयानं केलंय म्हंजी चांगलंच केलं आसनार. किसनराव, बसून तर बगा."

किसनराव अंगणात एक फेरी मारून आले. अंगण सपाट होतं. सगळ्यांनी वाहवा केली. मला पुन्हा पाट, पुन्हा रांगोळी.

पुढचं मी पाहिलं नाही, कुणी मुद्दाम सांगितलंही नाही. ते माझ्यापर्यंत तुकड्यातुकड्यानं आलं. माहेराहून आलेल्या बायकोच्या बोलण्यात एखादा शब्द यायचा आणि मी तो कानाआड करायचो. ओढ्याच्या चढाला दादा उतरून सायकल ढकलत नेतात. पाटी बांधलेली सायकल, एक पाय बारीक, मधेच ती मागं घसरते. एकदा पडले, पानं चिखलात गेली. मग बाजाराचे दिवस कमी झाले. लासुर्ण्यापर्यंतच जाऊ लागले, मग तिथंही एक शेजारी गाडीतून माल नेऊ लागला.

एका सकाळी चुलीपुढं भाकरी थापता थापता बायको म्हणाली, "दादा आता बाजारला जात न्हाईत."

"कंटाळले असतील," मी म्हणालो.

तिनं भाकरी उलटली. "व्हय. कंटाळलं आसत्याल."

भाऊ आणि नवरा यांच्यामध्ये उभी असलेली बाई कुणाच्या बाजूनं बोलणार? तिच्या त्या 'व्हय'मध्ये सगळं होतं. मी भाकरी खाल्ली आणि कामावर गेलो.

त्यानंतर मी बाबूमिस्त्रीकडं गेलो नाही असं नाही. गेलो. त्यानं ते चाक खोलून त्याचे भाग कुठं कुठं लावून टाकले होते. "तवाच बोलायचं की डागतर," तो म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. मोठं चक्र तरी घालून द्यावं, एवढं साधं मला सुचायला हवं होतं. सुचलंही. पण ते घालायचं म्हणजे सायकल परत मागायची. ती का मागतो हे सांगायला हवं होतं, आणि ते सांगायचं म्हणजे जावयानं बिघडवली असं त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं म्हणणं. मी ते म्हटलं नाही. त्याऐवजी दर सणाला किसनरावांसाठी काहीतरी घेऊन गेलो. पटका, उपरणं, एकदा घोंगडी. त्यांनी प्रत्येक वस्तू दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. तेवढं करायला नको होतं त्यांनी.

आबांनी त्यांना पुन्हा नुसतं 'किसन' म्हणायला सुरुवात केली होती. मुद्दाम नाही. जीभ जुन्या वळणावर गेली, इतकंच. ते मी ऐकलं तेव्हा ताटावर होतो. मी पुढचा घास घेतला.

माणूस थकतो तो कामानं नाही असं मला आता वाटतं. हजारो दंड टोचले, त्याचा शीण रात्रीच्या झोपेनं गेला. पण एखादी न बोललेली गोष्ट सोबत घेऊन पुन्हा पुन्हा त्याच दारात जायचं, तिथं पाय धुवायला पाणी घ्यायचं, मानाच्या पाटावर बसायचं, याचा शीण साचत जातो. जावई म्हणून मला जितका मान मिळे तितका तो पाट मला टोचे. मी कधी कधी वाट पाही की किसनराव चिडतील, टोमणा मारतील, निदान सायकलीचा विषय काढतील. त्यांनी ते सुखही मला दिलं नाही. सायकल गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती, तिच्यावर चिमण्यांनी घरटं केलं होतं, आणि आम्ही तिच्याखालून ये-जा करत पावसापाण्याच्या गप्पा मारत होतो.

आबा गेले. घराचा कारभार किसनरावांकडं आला, पण तो उंबऱ्याच्या आतला. बाहेरचं सगळं धाकटा भाऊ बघतो. किसनराव आजही सकाळपासून ओसरीवर बसून पानं निवडतात. त्यांची बोटं हिरवी-काळी झाली आहेत. उजवा पायही आता दुखतो म्हणतात. आयुष्यभर दोघांचं काम एकट्यानं केलं त्यानं.

या थंडीत आम्ही दोघं नवरा-बायको तिकडं गेलो होतो. चार दिवस राहिलो. निघायच्या दिवशी गाडी जुंपून तयार होती, बायको आत कुंकू लावून घेत होती. किसनराव काठी टेकत अंगणात आले. मुलीकडचा वडीलधारा जावयाला निरोप देताना एक वाक्य म्हणतो. आबा होते तोवर आबा म्हणत, आता किसनराव म्हणतात. या घरातून निघताना ते ऐकल्याशिवाय मी एकदाही निघालो नव्हतो, आणि त्याचं उत्तर म्हणून नुसती मान डोलवत आलो होतो.

त्यांनी हात जोडले. "दाजी, पाहुणचारात काय चुकलं-माकलं आसंल, तर पदरात घ्या."

मी मान डोलवायला गेलो आणि ती हलेना. या घराचं काय चुकलं होतं? इतकी वर्षं हा माणूस माझ्यापुढं हात जोडून स्वतःच्या चुका पदरात घालत होता, आणि मी त्या घेत होतो.

"किसनराव, थांबा," मी म्हणालो. "सायकल सुधारली नव्हती."

ते जरा हसले. "आता कुटं ती सायकल काडली दाजी. गंजून गेली. जाऊ द्या."

"एक बारकी साखळी तुटली होती. ती मागवता आली असती. मला घाई होती म्हणून मी थांबलो नाही. मिस्त्रीनं विचारलं होतं, हिच्यावर बसणार कोण म्हणून."

"दाजी, बैल जुपल्यात. उशीर हुईल."

"मला तुम्ही आठवला होता. तुमचा पाय आठवला होता. तरी मी माझं नाव सांगितलं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. काठीच्या टोकानं मातीत रेघ ओढत राहिले. बायको दारात येऊन उभी राहिलेली मला दिसली, आणि ती तिथंच थबकली.

"तुमी जावई हाय," शेवटी ते हळू आवाजात म्हणाले. "जावयानं आमच्यापुढं आसं बोलू नये. आमाला ऐकता येत न्हाय."

"नका ऐकू. पण मला बोलू द्या," मी म्हणालो, आणि त्यांचे जोडलेले हात सोडवून मी माझे जोडले. "तुमचं चालणं मी काढून घेतलं, आणि तुमच्याकडून वाहवा घेतली. चुकलं माझं, किसनराव. पदरात घ्या."